जाळ्यात आलेला पिसतारा आणि कच्छमधले ताऱ्याच्या आकाराचे खडे : हे एकाच कुळातले आहेत का?

खडपाकाठी (मालवण तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी मालवणजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या पौषात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील, जे स्वतः तांडेल (होडीचे प्रमुख) आहेत, जाळ्यातून निघालेला एक प्राणी समुद्राच्या पाण्यासह बादलीत घालून शाळेत घेऊन आले. तपकिरी-पिवळसर रंगाचे दहा लांब बाहू, प्रत्येक बाहूच्या दोन्ही अंगांना पिसाला असतात तशा बारीक काड्या आणि खालच्या बाजूला आकड्यांसारख्या वळणाऱ्या नख्यांचा झुबका असे त्याचे रूप होते. त्या नख्यांनी त्याने समुद्रपंख्याची (पंख्यासारख्या आकाराच्या प्रवाळाची) एक मोडकी फांदी इतकी घट्ट धरून ठेवली होती की ती सोडवण्याचा आम्ही प्रयत्नच केला नाही. तासाभरात त्याच्या बाहूंचे तुकडे गळू लागले आणि संध्याकाळपर्यंत तो मेला. पुस्तकांतून शोधल्यावर तो क्रिनॉइड या, तारामाशाच्या नात्यातल्या सागरी प्राण्यांच्या वर्गातला पिसतारा असावा, असे माझ्या लक्षात आले.

हे वाचत असताना मला माझ्या मामांची आठवण झाली. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षे कच्छमध्ये होते. त्यांच्या सामानात एक काड्यापेटी निघाली होती आणि तीत हरभऱ्याच्या डाळीएवढे, पाच टोकांचे, मधोमध बारीक छिद्र असलेले दगडी तारे होते. सोबतच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात फक्त ‘जुमारा’ एवढेच लिहिलेले आहे. हे तारे क्रिनॉइडच्या देठाचे जीवाश्म आहेत, असे चित्रांवरून वाटते. परंतु आमच्या बादलीतल्या प्राण्याला देठ मुळीच नव्हता. मग हे दोन्ही एकाच कुळातले कसे? देठ असलेले क्रिनॉइड आज खोल समुद्रातच राहतात, असेही मी वाचले. तेव्हा जुमाऱ्याचा समुद्र खोल होता, असे समजावे काय? आणि असे जीवाश्म आमच्या कोकणात कुठे मिळू शकतील काय? किनाऱ्यावर शिंपले आणि वाळू घट्ट होऊन बनलेला जो दगड दिसतो, त्यात ते असतात, असे येथे काही जण सांगतात. मुलांना घेऊन शोधायला जाण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

चुनखडक (पुणे) यांचे उत्तर

नमस्कार मॅडम. मी भूशास्त्राचा अध्यापक होतो आणि आता निवृत्त आहे. आपल्या मामांनी गावाचे नाव लिहून ठेवले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानावेत असे वाटते. कारण ठिकाण नोंदवलेले नसेल तर उत्तम जीवाश्मसुद्धा अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो. जुमारा हे कच्छमधल्या ज्युरासिक खडकांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. आपले तारे तिथल्या खडकांतलेच असतील तर ते ढोबळमानाने १६ कोटी वर्षांपूर्वीचे धरता येतील. आकारावरून ते आयसोक्रिनिड या देठवाल्या गटातल्या क्रिनॉइडच्या देठाचे असावेत.

आता देठाविषयी. पिसताऱ्याला देठ नसतो हे अर्धेच खरे आहे. जन्मानंतरचा काही काळ तो देठावरच काढतो आणि हे कसे उमगले त्याची हकिकत फार सुंदर आहे. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदरात जॉन व्हॉन थॉम्पसन या निसर्गअभ्यासकांना १८२३ मध्ये एक अगदी चिमुकला, देठावर उभा असलेला क्रिनॉइड सापडला. त्यांनी तो नवा प्राणी समजून १८२७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे निरीक्षण चालू ठेवल्यावर, वाढ होताच हा प्राणी देठावरून सुटतो आणि त्याचाच पिसतारा होतो, असे त्यांना दिसून आले आणि १८३६ मध्ये त्यांनी तसे जाहीर केले. त्यामुळे ज्याला आपण दोन प्राणी म्हणत होतो ते एकाच प्राण्याचे बालपण आणि प्रौढपण ठरले. आपल्या बादलीतल्या प्राण्याच्या खालच्या अंगाला जो नख्यांचा झुबका होता, तो देठाच्या अगदी वरच्या, शरीराला चिकटून राहिलेल्या भागावरच उगवलेला असतो.

तेव्हा तारामासा, सागरी साळू आणि भंगुरतारा यांच्याप्रमाणेच आपला पिसतारा आणि मामांचे तारे हे दोन्ही कंटकचर्मी प्राणी आहेत आणि दोघे एकाच क्रिनॉइड वर्गात मोडतात. या वर्गाचे निर्विवाद जीवाश्म सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. कार्बनी कल्पाच्या पूर्वार्धात तर त्यांची इतकी भरभराट होती की त्यांच्या तुकड्यांनीच बनलेले चुनखडकाचे जाड थर युरोप आणि उत्तर अमेरिकेत पसरलेले आहेत. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात हा वर्ग जवळजवळ नामशेष झाला. त्यातून जे थोडे वाचले, त्यांचेच वंशज म्हणजे आजचे सारे क्रिनॉइड होत.

मामांच्या डबीत अख्खा प्राणी नसून सुटे तारेच का आहेत, हेही समजून घेण्यासारखे आहे. क्रिनॉइडचा सांगाडा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या असंख्य छोट्या तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे मऊ ऊतींनी व अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. प्राणी मेला की हे बंध कुजतात आणि काही दिवसांतच, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत, सगळा सांगाडा विखुरतो. देठाच्या चकत्या मोत्यांची माळ तुटावी तशा तळावर पसरतात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटावर अशा चकत्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत आणि लोक त्या ओवून जपमाळा करत. बाहू, देठ आणि शरीर एकसंध असलेला जीवाश्म मिळाला, तर तो प्राणी जिवंतपणीच किंवा मरताच गाळाखाली गाडला गेला असे खात्रीने समजावे. जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या काळ्या शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) वाहून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांना चिकटलेल्या अख्ख्या क्रिनॉइड वसाहती मिळतात. तिथल्या तळाशी प्राणवायूचे दुर्भिक्ष असल्याने कुजवणारे आणि उकरणारे जीव फारसे नव्हते, म्हणून त्या इतक्या चांगल्या टिकल्या. आपला प्राणी बादलीत तुकडे गाळू लागला, त्यात मात्र कुजण्याचा संबंध नव्हता. संकटात सापडलेला पिसतारा आपले बाहू स्वतःच तोडतो आणि जगला तर ते पुन्हा उगवतात.

कोकणातल्या शोधाबद्दल मला आपली निराशा करावी लागेल. उत्तर कोकणापासून देवगडच्या आसपासपर्यंत जो काळा कातळ आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे. जांभा हा खडकांच्या झिजेतून तयार झालेला आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडचे पट्टिताश्म (नाइस) आणि कलादगी गटाचे क्वार्टझाइट हे खडक तर डोळ्यांना दिसणारे प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्याही आधीचे आहेत. म्हणजे एक खडक फार जुना, दुसरा आगीतून आलेला आणि तिसरा झिजेतून झालेला. क्रिनॉइड जपणारा जुना सागरी चुनखडक या किनारपट्टीवर उघडा पडलेलाच नाही. तो आहे तो समुद्राच्या पोटात. मुंबई हायचे तेल ज्या मायोसीन काळातल्या चुनखडकात साठले आहे, तो सागरी आहे. पण तिथपर्यंत तेलविहिरीच पोहोचतात. किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा दगड भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा आहे. त्यात शिंपले, शंख आणि क्वचित सागरी साळूंचे काटे मिळतील आणि मुलांना तो दाखवणे चांगलेच. परंतु मामांच्या ताऱ्यांसारखे काही तिथे शोधू नये.

मतलई (रत्नागिरी) यांचे उत्तर

चुनखडक सरांच्या उत्तरात भर घालते. मी सागरी जीवशास्त्राची अभ्यासक आहे. सर्वप्रथम एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ज्या समुद्रपंख्याला आपला पिसतारा चिकटला होता, तो २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि प्रवाळ व समुद्रकाकड्या यांनाही तेच संरक्षण आहे. फांदी जाळ्यात चुकून आली असली तरी ती शाळेत नमुना म्हणून ठेवू नये. शिवाय मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत, जे १९८७ मध्ये घोषित झाले, परवानगीवाचून कोणताही जीव उचलता येत नाही. मुलांना हे सांगणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

आता खोलीविषयी. देठाचे क्रिनॉइड आज खोल पाण्यात आहेत, म्हणून जुमाऱ्याचा समुद्र खोल होता, हा निष्कर्ष काढू नये. ज्युरासिक काळात आयसोक्रिनिड उथळ समुद्रांत सर्रास होते आणि कच्छचा तेव्हाचा समुद्रही खंडाच्या काठावरचा उथळ समुद्रच होता. देठवाले क्रिनॉइड खोल पाण्याकडे सरकले ते नंतरच्या काळात. याचे कारण म्हणून मायर आणि मॅकुर्डा या संशोधकांनी १९७७ मध्ये असे मांडले की हाडांचे सांगाडे असलेले मासे आणि इतर भक्षक उथळ पाण्यात वाढत गेले आणि एका जागी उभ्या असलेल्या देठवाल्यांना तिथे तग धरणे कठीण झाले. देठ सोडून पळू शकणारे, कपारीत लपू शकणारे पिसतारे मात्र टिकले. मला हे स्पष्टीकरण पटते. परंतु ही माघार सगळीकडे एकाच वेळी झाली नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. कारण अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर इओसीन काळातल्या (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) उथळ सागरी खडकांतही देठाचे क्रिनॉइड मिळाले आहेत. आजसुद्धा जपानच्या किनाऱ्याजवळ ते शंभर-दीडशे मीटरांवर आढळतात.

देठवाले अगदीच अचल असतात, हा समजही आता राहिलेला नाही. बहामाजवळ ४०० मीटरांहून खोल पाण्यात पाणबुडीतून घेतलेल्या चित्रीकरणात एक आयसोक्रिनिड बाहूंच्या साहाय्याने, देठ मागे ओढत, सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने सरपटताना दिसला. बाउमिलर आणि मेसिंग यांनी हे २००५ मध्ये जाहीर केले. क्रिनॉइड खाणारे सागरी साळू त्याच तळावर वावरतात, हे लक्षात घेतले की त्या सरपटण्याचा अर्थ लागतो.

आपल्या किनाऱ्याविषयी मला अधिक जिव्हाळ्याने लिहावेसे वाटते. पिसतारा अन्नाच्या मागे धावत नाही. वाहत्या पाण्यात बाहूंचा पंखा उघडून तो प्रवाहाला सामोरा धरतो. बाहूंवरच्या काड्यांवर नलिकापादांच्या (नळीसारख्या बारीक पायांच्या) रांगा असतात आणि त्यांना चिकटलेले बारीक अन्नकण खोबणीतून तोंडाकडे नेले जातात. त्यामुळे त्याला प्रवाह हवा, पण गढूळपणा नको. याउलट आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात गड, कर्ली, काजळी यांसारख्या नद्या प्रचंड गाळ आणि गोडे पाणी समुद्रात ओततात. कंटकचर्मी प्राण्यांना शरीरातल्या क्षारांचे प्रमाण राखण्याची सोय नसल्यामुळे पाणी गोडसर झाले की त्यांच्यावर थेट आघात होतो. शाळेच्या बादलीत नळाचे पाणी कुणी घातले असेल, तर प्राणी लवकर मरण्याचे एक कारण तेही असू शकेल.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्राचे खोलवरचे, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्यालगतच्या आपल्या उथळ मंचावर (समुद्रतळाच्या सपाट भागावर) चढते आणि वर गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा पसरलेला असल्याने खालच्या पाण्यात वरचा प्राणवायू मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यापासून या पट्ट्यात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो, याच्या नोंदी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत. होल्झमाडेनच्या तळाची जी गोष्ट सरांनी सांगितली, तिची फिकट सावली दर पावसाळ्याअखेर आपल्याच समुद्रात पडते, असे मी म्हणेन. अशा वेळी पिसतारे तग धरतात, मरतात की पुन्हा नव्याने येतात, हे तांडेल आणि मुले मिळून महिन्यागणिक नोंदींतून तपासू शकतील. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठाराचा माथा पाण्याखाली अवघा २० मीटर आहे आणि नद्यांच्या गाळापासून तो दूर आहे. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या आणि तिथल्या समुद्राची तुलना मनात ठेवून नोंदी केल्या, तर त्यांना आणखी अर्थ येईल.

चौदा_वाव (देवगड) यांचे उत्तर

मी मच्छीमार कुटुंबातला आहे आणि पदवीपर्यंत शिकलो आहे. आमच्याकडे या प्राण्याला वेगळे नाव नाही. जाळे साफ करताना तो इतर कचऱ्याबरोबर टाकला जातो, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट पाहिलेले नाही. माझ्या पाहण्यात तो चिखलाच्या तळावरून ओढलेल्या जाळ्यात कधीच आलेला नाही. खडपाच्या (पाण्यातल्या खडकाच्या) कडेने जाळे घासले, समुद्रपंखा किंवा स्पंजाचा तुकडा अडकला, की त्याच्याबरोबर हा येतो. मतलई मॅडमनी प्रवाहाचे जे सांगितले त्याच्याशी हे जुळते. कारण खडपाच्या टोकाला, जिथे भरती-ओहोटीचे पाणी वळसा घेते, तिथे पाणी नेहमी ओढीचे असते.

मला एक सुचवावेसे वाटते. तांडेलांना अक्षांश-रेखांश विचारले तर ते जीपीएसवरून सांगतील, पण आपली मासेमारीची जागा कुणी सगळ्यांना सांगत नाही आणि तसा आग्रहही धरू नये. खोली किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), तळ कसा, कोणत्या तिथीचे पाणी होते आणि जाळे कोणते होते, एवढे ते आनंदाने सांगतील. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नोंदी मिळणार नाहीत, हे आधीच गृहीत धरावे. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांत काय येते, याकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावे, कारण प्राणवायू कमी होण्याचा जो काळ मॅडमनी सांगितला तो त्यानंतर लगेचच येतो.

मतलई (रत्नागिरी) यांचे उत्तर

चौदा_वाव यांची सूचना अगदी योग्य आहे. तिच्यात एवढेच मिळवते की मेलेला पिसतारा हाती आला तर आधी ओला असतानाच वरून आणि खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. बाहूंची संख्या, नख्यांची संख्या आणि तोंडाजवळच्या काड्यांची रचना यांवरून ओळख पटवावी लागते. रंगावर विसंबू नये. तोंडाजवळच्या काड्यांच्या टोकाला कंगव्यासारखे दाते दिसले, तर तो पिसताऱ्यांच्या कोमॅट्युलिडी या कुळातला असतो. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये, कारण ते आम्लधर्मी होत जाते आणि सांगाड्याचे कॅल्साइट झिजवते. अल्कोहोल वापरावे आणि नमुना शक्य तितक्या लवकर जाणत्या संस्थेकडे द्यावा. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. मुलांना तिथले मत्स्यालय आणि संग्रहालयही पाहता येईल.

चुनखडक (पुणे) यांचे उत्तर

मतलई मॅडमनी खोलीविषयी केलेली दुरुस्ती महत्त्वाची आहे आणि ती मीच आधी करायला हवी होती. जीवाश्माच्या आजच्या नातेवाइकाचे घर पाहून जुन्या समुद्राची खोली ठरवणे, ही चूक आम्हा भूशास्त्राच्या लोकांकडूनही होते. खडकाचा पोत, सोबतचे इतर जीवाश्म आणि तुकड्यांची झीज ही साक्ष आधी घ्यावी लागते. मॅडम, आपल्या ताऱ्यांच्या कडा धारदार आहेत की गोलसर झिजलेल्या, हे भिंगातून पाहावे. कडा शाबूत असतील तर ते फार दूर वाहून गेलेले नाहीत. एखादा तारा आधीच तुटलेला असेल, तर त्या तुटीवर गुळगुळीत चकाकणारी पातळी दिसेल. कारण प्रत्येक तुकडा म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक असतो आणि तो स्फटिकाच्या पातळीवरच दुभंगतो.

आणखी एक गोष्ट पाहावी. आयसोक्रिनिडच्या देठात ठराविक अंतरावर अशी चकती असते की जिच्या पाचही बाजूंना नख्या जोडलेल्या असतात, तर मधल्या चकत्यांना त्या नसतात. ज्या ताऱ्याच्या कडेवर खोलगट वाटीसारखे खळगे दिसतील, तो नख्यांचा तारा. त्या खळग्यांतून निघालेल्या नख्यांनी तो प्राणी १६ कोटी वर्षांपूर्वी तळाला धरून होता.

खडपाकाठी (मालवण तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बादलीत नळाचे पाणी घातले होते की नाही, हे मी मुलांना विचारले. पाणी कमी वाटले म्हणून दोन तांबे घातल्याचे एका मुलीने सांगितले. तिला फार वाईट वाटले, म्हणून महिन्याच्या नोंदवहीचे काम मी तिच्याकडेच दिले आहे. समुद्रपंख्याच्या फांदीविषयी वनविभागाच्या कार्यालयात कळवले आहे. तांडेलांनी खोली चौदा वाव, तळ खडपाचा आणि जाळे दशमीच्या ओहोटीला ओढलेले, एवढे सांगितले आणि ती वहीतली पहिली नोंद झाली.

काल रात्री मामांची काड्यापेटी उघडून सगळे तारे पांढऱ्या कागदावर मांडले आणि भिंगातून एकेक पाहिला. एकूण सव्वीस आहेत. बहुतेकांच्या कडा अजून टोकदार आहेत आणि तोंडावर पाच पाकळ्यांची नक्षी स्पष्ट दिसते. त्यांपैकी तिघांच्या कडेवर सरांनी सांगितलेले खळगे आहेत, प्रत्येकी पाच.